गुंडाळलं त्यानेच सोडायचं

१९ जानेवारी

अपाने आज पुन्हा विचारलं, "कातड्यानेच वाचला ना माझा सूरोन?"

मला उत्तर देता येत नाही. खरंच येत नाही. "हो" म्हटलं तर अर्धं खरं. "नाही" म्हटलं तर तेही अर्धंच. आणि उरलेलं अर्धं आपल्या आईला कसं सांगायचं, हे मेडिकल कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

मी म्हटलं, "अपा, चहा घे." तिने घेतला. आमचा चहा खारा असतो. मीठ कमी आहे म्हणाली.

सूरोन, माझा बाइके, दवाखान्यातच पलीकडच्या खोलीत झोपलाय. काल त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरून काढला. मी आतच होते, सर्जन काचकिनबाय आकेंच्या समोर उभी. ते म्हणतील तिथे धरायचं, म्हणतील तिथे पुसायचं. नर्सने पाय कापडात गुंडाळून माझ्याकडे दिला, तेव्हा एवढंच मनात आलं – केवढा जड!

थोरला भाऊ माझा. काहीतरी वाटायला हवं होतं. उद्या वाटेल.

२० जानेवारी

नाही वाटलं.

झालं ते लिहून काढते. डोक्यात उलटसुलट फिरतंय, एकदा ओळीने लागू दे.

त्या रात्री भरपूर बर्फ पडला. डोंगरावरच्या आमच्या हिवाळी गोठ्याचं छप्पर पहाटे बसलं. बाइके आत मेंढ्यांपाशी होता. तुळई पोटरीवर आली. पलीकडच्या गोठ्यावरची माणसं दुपारी सहज तिकडे गेली, तेव्हा सापडला. तोवर त्याचं कुडकुडणं थांबलं होतं. लोकांना वाटलं, बरं आहे, शांत आहे! कुडकुडणारा माणूस अजून लढत असतो. कुडकुडणं थांबलं की अंगाने हार मानलेली असते. हातमोजे आणि टोपी त्याने काढून फेकली होती. "उकडतंय," म्हणत होता, तेही जीभ जड झाल्यासारखं. हे मला नंतर सांगितलं त्यांनी, हसत हसत. मला पुस्तकातलं पान आठवलं. पान आठवलं. भाऊ नाही.

तुळई उचलून त्यांनी त्याला घसरगाडीवर घातलं नि घरी आणलं. येईतो अपाने मेंढा कापलेला.

गारठलेल्या माणसाला ताज्या कातड्यात गुंडाळणं आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत, पण अपासारखं कोणाला जमत नाही. आसपासच्या गावांतून तिला बोलावणं येतं. कातड्यातून वाफ निघत असतानाच गुंडाळायचं, ओली बाजू अंगाला, लोकर बाहेर. चोळायचं नाही. वोडका पाजायची नाही. उठवून बसवायचं नाही. मी लहानपणी बर्फ फुटून नदीत पडले होते, तेव्हा मीही त्यातच होते. वास अजून आठवतो. रक्ताचा, लोकरीचा आणि अपाच्या हातांचा. हळूहळू ऊब द्यायची, आडवं ठेवायचं, हिसके द्यायचे नाहीत, कारण गारठलेलं हृदय हिसक्यानेही थांबतं – हे मी चौथ्या वर्षाला वाचलं तेव्हा अभिमानाने रडू आलं होतं. माझ्या आईला हे आधीच येत होतं!

तर छाती-पोट बरोबर गुंडाळलं तिने. त्यात चूक नाही.

पायाला वेगळं कातडं घेतलं. दुसरा मेंढा. पाय बर्फासारखा गार, आणि चेंगरलेला. म्हणून जास्त घट्ट. घोट्यापासून मांडीपर्यंत लोकरीची दोरी आवळली, ऊब निसटू नये म्हणून. मग चुलीकडे पाय करून निजवला.

ओलं कातडं सुकतं. सुकताना आखडतं. आत चेंगरलेला पाय फुगत राहतो. फुगून जायचं कुठे? आतल्या आत स्नायू गुदमरतात.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. ट्रॅक्टर पुढे बर्फ काढत होता, त्याच्या मागे ड्रायव्हर तालंतची रुग्णवाहिका. घर माणसांनी भरलेलं. मांस शिजत होतं. बाइके उशीला टेकून हसत होता. अंग छान गरम.

"आल्या डॉक्टरीणबाई!" उमसुनाय एजे म्हणाली. शेजारीण आमची, अपाच्या हाताखाली शिकते. "जेवायच्या वेळेला बरोब्बर. काम झालंय, आता नुसती हाडं चघळ."

सगळे हसले. बाइकेही.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"काल बोंबलत होता नुसता. आता बघ, अजिबात दुखत नाही!"

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

सगळे खूश. मी वाकून बघितलं. पलंगाखालच्या डब्यात त्याची लघवी होती. विसरून उकळत ठेवलेल्या चहासारखी काळी.

आधी सलाईन लावलं, मग कात्री काढली. आवळलेलं एकदम सुटलं तर मेलेल्या स्नायूंतला घाण माल सगळाच्या सगळा रक्तात उतरतो. म्हणून आधी शिरेत पाणी हवं. पिशवी मी कोटाच्या आत काखेत धरून गरम केली होती. सुई लावेपर्यंत अपा कौतुकाने बघत होती. कात्री बघितली आणि तिने माझं मनगट धरलं.

"गुंडाळलं त्यानेच सोडायचं. आणि सोडायचं, जिपार. कापायचं नाही. कापलंस तर त्याची ऊब कापशील."

"मग तू सोड. आत्ता!"

"दिवस मावळला की सोडते."

"अपा, मावळेपर्यंत पाय राहणार नाही."

"दुखत नाही म्हणतोय ना तो!"

मी तिचा हात झटकला. घरभर माणसांसमोर. आईचा हात! आणि कापलं.

पाय पांढरा, चकचकीत, लाकडासारखा कडक. बोटांत नाडी नाही. मी सुई टोचली. "टोचलंस का?" त्याने विचारलं. पायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

पुढचं सगळं नीट झालं. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तंबूंसारखी टोकदार टोकं. म्हणजे पोटॅशियम वर चढलंय. माणूस हसता हसता जातो यात. कॅल्शियम दिलं. टोकं बसली. काचकिनबाय आकेंनी पोटरी चारी बाजूंनी उघडली. स्नायू शिजलेल्या मांसाच्या रंगाचा. चिमट्याने चिमटला, हलला नाही. "पोरी," ते म्हणाले, "हा गेलेला आहे. याला ठेवलं तर तो तुझ्या भावाला सोबत घेऊन जाईल."

म्हणून पाय काढला. एवढंच.

२१ जानेवारी

लघवी किंचित फिकी. अपाने विचारलं. मी म्हटलं, "भूक लागलीय का तुला?"

२३ जानेवारी

घाट उघडला. बाइकेला नारिनच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, किडनीसाठी, यंत्रावर. वाटेत शुद्धीवर होता. तालंतने त्याला हसवायचं ठरवलं होतं.

"सूरोन, आता एकच बूट पुसायचा. बायकोचा त्रास निम्मा झाला बघ."

"बायको म्हणेल निम्मा नवरा परत करते." मग माझ्याकडे वळून, "तू कापलंस म्हणून गेला म्हणतात."

"कोण?"

"झेनेप सांगत होती फोनवर. घरी येणारे-जाणारे बोलतात." झेनेप म्हणजे वहिनी.

मी सलाईनचे थेंब बघत बसले.

"अपाने दोरी आवळली तेव्हा ओरडलो मी," तो म्हणाला. "म्हटलं, सैल कर. ती म्हणाली, सैल ठेवलं तर थंडी परत शिरेल. मग पहाटे थांबलं दुखायचं. इतकं बरं वाटलं, जिपार!"

म्हणजे पाय पहाटे गेला. मी तेव्हा दवाखान्याच्या दारात उभी राहून ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत होते. लवकर निघ म्हणून.

त्याला कळलंय सगळं. मी काही न सांगता.

२६ जानेवारी

तालंतने पाय पुरला. आम्हा बायकांना कबरस्तानात जायचं नसतं. येऊन सांगितलं, "तुमच्या वडिलांच्या पायथ्याशी जागा केली. जमीन लोखंड झाली होती. आधी कोळसे पेटवून ठेवावे लागले."

बाइकेला फोनवर सांगितलं. म्हणाला, "वडिलांना म्हणावं, बाकीचा मागून येतोय. पण घाई नाही."

मी हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, नुसता आवाज काढला होता हसण्याचा.

३० जानेवारी

एक दिवस सुटी मिळाली. गावी आले. दुकानात गेले तर बोलणं थांबलं. बाहेर पडले तर सुरू झालं. मागून ऐकू येईल इतकं मोठ्याने.

"कातडं कापलं, ऊब गेली. ऊब गेली, पाय गेला."

"शिकून आली ना! शिकलेल्यांना कात्री लागते सगळ्याला."

"बिचारी म्हातारी. एका हाताने वाचवला पोरगा, दुसऱ्या हाताने पोरीने..."

घरी अपा कणीक मळत होती. उमसुनाय एजे चुलीपाशी. मी बूट काढत होते, पडद्याआडून ऐकलं.

"मी असते तर तोंड बघितलं नसतं तिचं," एजे म्हणाली.

"तिला बोलायचं नाही कोणी," अपा म्हणाली. "लहान आहे. हाताला सवय नाही. घाबरली, कापलं. तिच्या भावाचाच पाय ना? तिला काय कमी दुःख आहे?"

मी बूट परत घातले. मग परत काढले.

अपाने मला माफ केलंय. तिने स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल तिने मला माफ केलंय! आणि मी आत जाऊन ती माफी घेतली, ताज्या तळलेल्या बोर्सोकबरोबर. वरून लोणीही लावलं.

२ फेब्रुवारी

काचकिनबाय आकेंनी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. म्हातारी माणसं अशा गोष्टींनी खचतात. मी इथे आलो तेव्हा कातड्याविरुद्ध एक शब्द बोललो होतो. वर्षभर कोणी माझ्याकडे आलं नाही. बाळंतिणी घरात मेल्या, पण आल्या नाहीत."

"पण आके, पुढच्या वेळी कोणाचा तरी पाय –"

"पुढच्या वेळी लवकर पोच."

चांगले आहेत ते. खरंच चांगले आहेत. मी त्यांच्यासारखी होईन का?

शेवटच्या वर्षाला वहीत लिहिलं होतं मी – माझ्या गावात थंडीने एकही माणूस दगावणार नाही. खाली दोन रेघा मारलेल्या. बाइकेने शाळा सोडून मेंढ्या घेतल्या म्हणून मी ती वही घेऊ शकले. कसल्या रेघा मारल्या होत्या! पट्टीने!

७ फेब्रुवारी

शाळेत बायकांना थंडीबद्दल बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, कारण अपा दारोदार जाऊन "माझी लेक बोलणार आहे" सांगून आली. पहिल्या बाकावर बसली, पांढरा रुमाल बांधून. लग्नाला बांधते तो.

मी सगळं सांगितलं. कुडकुडणं थांबलं तर घाबरायचं, निवांत व्हायचं नाही. बोलणं अडखळतं, पाय झोकांडतात, मग माणूस कपडे काढतो. तो वेडा नाही झालेला, मरतोय. ओले कपडे काढा. जमिनीवर ठेवू नका, खाली जाड नमदा घाला. बर्फाने चोळू नका. काखेत, छातीवर, पोटावर आधी ऊब. हातापायांची घाई नको. आणि ताजं कातडं चांगलं – हेही म्हटलं मी. अपाने मान वर करून मागे बघितलं, सगळ्यांकडे.

मग पायाचं सांगायचं होतं. चेंगरलेला हात-पाय कधी घट्ट बांधायचा नाही. कातड्यातही नाही. दुखणं वाढत गेलं तर ताबडतोब सैल करा. दुखणं अचानक थांबलं तर त्याहून वाईट. लघवी काळी आली तर एक क्षण थांबू नका. कागदावर लिहून आणलं होतं.

अपा हसून बघत होती.

मी म्हटलं, "एवढंच. चहा घ्या सगळ्यांनी."

मागून कोणीतरी विचारलं, "आणि पाय केव्हा कापायचा ते नाही सांगितलंत, डॉक्टरीणबाई?" सगळ्या बायका खाली बघून हसल्या. अपा उठली, "जीभ कापते मी तुझी आधी!" म्हणाली, आणि किटली उचलली.

८ फेब्रुवारी

भित्री.

१४ फेब्रुवारी

अपाने आज उमसुनाय एजेला आणि तिच्या सुनेला गुंडाळायला शिकवलं. घरातलाच एक मेंढा कापायचा होता, म्हणाली कातडं वाया कशाला. सून आडवी पडली, खिदळत होती. छाती झाली. पोट झालं. मग पाय.

"आवळ," अपा म्हणाली. "अजून. दोरीखाली बोट जाता कामा नये. माझं वय झालं, घाटापलीकडे मला जाववत नाही. आता तूच जायचंस."

"आई गं, मुंग्या आल्या पायाला!" सून ओरडली.

"येऊ देत. मुंग्या म्हणजे ऊब चढतेय."

मी तिथेच होते. माझ्या हातात पेला होता. मी चहा संपवला.

यापुढे गावाच्या प्रत्येक टोकाला ती दोरी बांधता येणारं कोणीतरी असेल. आणि कात्री घेऊन मी आले तर दार लावणारंही.

२२ फेब्रुवारी

बाइके घरी आला! किडन्या चालू झाल्या, यंत्र सुटलं. कुबड्या घेऊन अंगणभर फिरला. घोड्यावर बसायचा हट्ट. डावा पाय रिकिबीत घालायची सवय, तोच नाही. उजव्या बाजूने चढायला गेला तर घोडाच बिथरला. तालंत म्हणाला, "घोड्यालाही शाळेत घालावं लागणार." शेवटी तालंतने उचलून बसवलं. वर बसल्यावर मात्र काही फरक दिसेना. मी खूप वेळ बघत राहिले. वर बसल्यावर तो पूर्वीसारखाच दिसतो.

जेवताना अपाने त्याच्यासमोर विचारलं, "सांग गं आता याला. तू डॉक्टर आहेस. कातड्यानेच वाचला ना?"

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "थंडीतून कातड्यानेच वाचला." हे खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे. अपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझं ताट बाजूला सारलं.

नंतर गोठ्याशी तो म्हणाला, "असंच ठेव."

"कसं?"

"तिला कळता कामा नये. लोक तुला बोलतात ते मला ऐकवत नाही. पण तू तरुण आहेस, पचवशील. तिच्याकडे दुसरं काय आहे? लोक बोलावतात तिला, दारापर्यंत घोडा पाठवतात. तेवढंच आहे तिच्याकडे."

"आणि ज्याला बांधतील तो?"

"तो येईल तेव्हा बघू." कुबडीने बर्फ टोकरत होता. "पाय माझा गेला, जिपार. बोलायचं की नाही हे मी ठरवणार. मी शाळा सोडली तेव्हा तुला काही मागितलं नाही. आज मागतोय."

मी मान डोलावली.

२३ फेब्रुवारी

रात्रभर झोप छान लागली. याचीच भीती वाटते.

१ मार्च

काही नाही. पेशंट अकरा, बहुतेक खोकल्याचे. तालंत म्हणतो, घाटात पुन्हा वादळ येणार.

४ मार्च

वादळ आलंच. मी गावातच अडकलेय. दवाखान्याचा रस्ता बंद, तालंत पण इथेच, त्याची गाडी आमच्या अंगणात.

आत्ता उमसुनाय एजेची सून पळत आली. तिचा चुलतभाऊ बोलोत कोळशाचा ट्रक घेऊन येत होता, घाटाखाली उलटला. दरवाजाखाली दंड अडकला होता. गारठून गेलेला. काढून घरी आणला, एजेने कातड्यात गुंडाळलाय. अंग आणि हात, दोन्ही. "हाताने जीव जातो म्हणतोय. ओरडतोय नुसता. सासूबाईंनी अपांना बोलावलंय, नीट बांधलंय का बघायला." मग माझ्याकडे न बघता, "यांना आणू नका म्हणाल्यात."

ओरडतोय. म्हणजे अजून दुखतंय. म्हणजे हात अजून आहे!

अपा कोट शोधतेय. बाइके दारापाशी बसलाय, कुबड्या मांडीवर. माझ्याकडे बघून मान हलवली – नको. हळूच, दोनदा.

वही ठेवते.

५ मार्च

आज अपाने तो प्रश्न विचारला नाही.

काल दारातच सांगितलं मी तिला. तिचा एक हात कोटाच्या बाहीत होता, दुसरा बाहेर. म्हटलं, "अपा, अंग कातड्याने वाचलं. पाय दोरीने गेला. मी कातडं कापलं तेव्हा तो आधीच गेलेला होता. बोलोतचा अजून गेला नाही." बाइके भिंतीकडे तोंड करून बसला.

ती पडली नाही, रडली नाही. दुसरी बाही सापडेना तिला. मी धरली. तालंतने गाडी काढली.

एजेच्या घरी मला उंबऱ्यावरच अडवलं. बोलोत आत गुरासारखा ओरडत होता. अपा म्हणाली, "माझ्याबरोबर आहे ती." मी सलाईन लावलं. कात्री काढली, तशी एजे मध्ये आली, "गुंडाळलं मी! मीच सोडणार, दिवस मावळल्यावर!"

"तुला गुंडाळायला मी शिकवलं," अपा म्हणाली. माझ्या हातातून कात्री घेतली. दोन्ही हातांनी धरली. सगळ्या घरासमोर मला म्हणाली –

"कुठून कापायचं ते दाखव."

मी दाखवलं.